गोष्टीतली धाकटी

९ मार्च

प्रिय मनी,

आज सकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "काय गं चिमे, आज कशी मावशीची आठवण झाली?" असं मी म्हणेपर्यंत तिने सांगूनही टाकलं की तुला कामावरून काढलं. बावीस वर्षं ज्या वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिलीस, तिथून. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

चिमीचं म्हणणं, हे माझ्या मालिकेमुळे झालं. कुणा पेशंटच्या मुलाने तक्रार केली म्हणे. रेडिओवरची ती धाकटी, जी स्वतःच्या आईला झोपेच्या गोळ्या देऊन निजवून ठेवते, ती हीच बाई आहे, हिच्या हातचं औषध माझ्या आईला नको. मग चौकशी बसली.

मने, तू शहाणी आहेस. मालिका ती मालिका. दुपारी एक वाजता बायका भांडी घासता घासता ऐकतात, पुरुष चोरून ऐकतात आणि आपण ऐकतच नाही म्हणून सांगतात. तीन वर्षं असंच चाललंय. त्यातली थोरली म्हणजे मी नव्हे आणि धाकटी म्हणजे तू नव्हेस. दोन बहिणी आणि अंथरुणाला खिळलेली आई कुठल्या घरात नसते? उद्या रेडिओवर चोराची गोष्ट ऐकून कोणी शेजाऱ्याला पकडून दिलं, तर त्यात लिहिणाऱ्याचा काय दोष?

मागच्या महिन्यात तुमच्या हॉस्पिटलचं मला पत्र आलं होतं. मालिकेतल्या घटना खऱ्या आहेत का, एवढंच विचारलं होतं. मी कळवलं की मालिका काल्पनिक आहे, याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आणखी काय लिहायला हवं होतं?

तुला काही लागलं तर मोकळेपणाने सांग. मी मोठी आहे. राग धरायला अख्खं आयुष्य पडलंय.

तुझी
ताई


२३ मार्च

मने,

तुझं उत्तर नाही. ते येणार नाही असं वाटलंच होतं. लहानपणी रुसलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस. आई म्हणायची, मांजरच आहे ही, भूक लागली की येईल बाहेर. त्यावरून तर तुझं मनी नाव पडलं. या वेळी मात्र तू बाहेर येशील असं वाटत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे, मी टाळली. मालिका गाजायला लागली तेव्हा एका मासिकाने माझी मुलाखत घेतली होती. त्या मुलीने विचारलं, "ही गोष्ट तुम्हाला सुचली कुठून?" मी म्हणाले, "सुचली कुठली, जगलेय मी ती. आमच्याच घरात घडलंय हे सगळं." अर्धं पान फोटो छापला होता माझा. ते मासिक तुमच्या गावातही येतं, हॉस्पिटलच्या बाकांवरही पडलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. त्यानंतरच तू बोलणं टाकलंस. मी लोकांना सांगत राहिले, धाकटी फार मानी आहे.

मी साहेबांकडे पहिल्यांदा नेली ती गोष्ट अशी नव्हती, यावर विश्वास ठेव. आई जाऊन वर्ष झालं होतं. छापखान्यातली मुद्रितं तपासून संपली की त्याच टेबलावर मी लिहीत असे. दोन बहिणी, दोघी चांगल्या, आजारी आई. साहेब म्हणजे रेडिओवर नाटकं बसवणारे. दातात काडी धरून वाचायची सवय त्यांना. वाचून झालं आणि म्हणाले, "बाई, रडू आलं. पण यात भांडण कुठाय?"

"भांडण नाहीच आहे. दोघी आईचं करतात."

"मग ही गोष्ट नाही, शोकसंदेश झाला. थोरलीला काय हवंय?"

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "आईने तिला आपलं म्हणायला हवंय."

"छान. मग आड कोण येतं?"

"आजार."

"आजाराला माइकसमोर बोलता येत नाही. माणूस द्या मला." मग काडी काढून ठेवली त्यांनी आणि शांतपणे समजावलं. "हे बघा. खलनायक म्हणजे मिशा पिळणारा माणूस नव्हे. नायकाला जे हवं तेच ज्याला हवं असतं, आणि दोघांना पुरेल एवढं ते नसतं, तो खलनायक. आता सांगा, या घरात आईची माया आणखी कोणाला हवीय?"

मी म्हणाले, "धाकटीला."

"बसा. लिहा," साहेब म्हणाले.

पण लिहिणार काय, मने? तू केलेलं सगळं नायिकेला शोभणारं. तीन वर्षं वॉर्डातली ड्यूटी सांभाळून चादरी बदलल्यास. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदललीस. ती चमचा थुंकून टाकायची तरी पुन्हा भरवलास, वर हसूनही दाखवलंस. ते सगळं मी थोरलीला देऊन टाकलं. आणि माझं होतं ते धाकटीला. महिन्यातून एक फोन. "काम फार आहे गं." खोलीच्या दारातूनच "बरी आहेस ना?" विचारणं आणि नाकाला रुमाल लावून पुढच्या खोलीत जाऊन बसणं. नुसती अदलाबदल होती ती. लिहायला जड गेलं नाही, सगळं माहितीतलंच होतं.

धाकटीचं काम करणारी नटी फार भली बाई आहे. एकदा तालमीत अडून बसली. "बाई, हिला नक्की काय हवंय? हिला एकदा तरी एकटीला बोलू द्या ना. वाईट माणूससुद्धा स्वतःशी बोलताना वाईट नसतो." मी म्हटलं, हिला फक्त सुटका हवीय, तेवढं धरून बोला. तीन वर्षांत धाकटीला मी एकदाही एकटीला बोलू दिलं नाही.

ताई


११ एप्रिल

मने,

काल मी तुमच्या गावी आले होते. तू मला पाहिलंस, हे मला माहीत आहे.

चिमीने आपणहून पत्ता दिला नव्हता, मीच तिला खोदून खोदून विचारला. बसस्थानकामागची लाँड्री, हॉटेलांच्या चादरी धुतात ती. दारातच वाफेचा लोट अंगावर आला. आत तू आणि एक बाई चादरीची दोन-दोन टोकं धरून घडी घालत होतात. जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. तुझे केस पांढरे झालेत. तुझ्या कोपराला भाजल्याचा डाग आहे.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात त्या बाईचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती म्हणाली, "गोळीवाले, तुझ्याकडे कोण आलंय बघ गं."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. कोणाला ठेंगणे म्हणावं, कोणाला लांबे म्हणावं, तसं म्हणाली. आणि तू वळलीस. त्या नावाला तू ओ देतेस, मने.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्या बाईला म्हणालीस, "नीट धर, टोक जमिनीला लागतंय." आणि पुन्हा मागे सरलीस.

मी तशीच बसस्थानकावर येऊन बसले. बसला तास होता. बाकावर शेजारी एक बाई येऊन बसली, बराच वेळ निरखून बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही रेडिओवरच्या ना? फोटो पाहिला होता तुमचा. थोरलीचं पुढे चांगलं होणार ना हो? नाहीतर आम्ही नाही हं ऐकणार!" तिने वही पुढे केली. मी सही दिली. छान सही आली, हात थरथरला नाही.

तिनेच पुढे सांगितलं, "ती मेली धाकटी आमच्याच गावात राहते बरं का. हॉस्पिटलातून हाकलली, बरं झालं."

बस आली. मी बसले.

ताई


२९ एप्रिल

मने,

गोळीची चूक तुझी नव्हती.

हे एक वाक्य लिहायला पाच वर्षं लागली. आता पुढचं लिहिते, नाहीतर पुन्हा जमणार नाही.

तू पोटाच्या ऑपरेशनला जाताना आईच्या गोळ्या खणांच्या डब्यांमध्ये भरून गेलीस. सकाळचे खण, रात्रीचे खण, वर तुझ्या अक्षरात चिठ्ठ्या. तुझे टाके पिकले, तुझा मुक्काम वाढला, आणि मी म्हटलं, "काळजी करू नकोस, मी आहे ना." बाराव्या दिवशी दुपारी आई पडली. मी पुढच्या खोलीत लिहीत होते. तिने हाक मारली. "थांब, आलेच, एवढं एक वाक्य," असं मी म्हणाले. ती थांबली नाही. पलंगाची बाजूची दांडी मीच सकाळी खाली केली होती आणि वर करायची राहिली होती. खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पडल्या कशा? जवळ कोणी नव्हतं?"

मी म्हणाले, "जवळच होते हो मी. पण ही सकाळपासून गुंगीत आहे. बहिणीने झोपेची गोळी चुकून सकाळच्या खणात घातली असणार."

तोंडातून निघून गेलं. निघून गेलेलं सुधारता आलं असतं. मी घरी गेले, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या खणात माझ्या हाताने एक झोपेची गोळी टाकली, आणि डबी तशीच तुझ्याकडे घेऊन आले. तू पलंगावर पडल्या पडल्या ती उघडून पाहिलीस. मला वाटलं तू ओरडशील, म्हणशील मी असं करणं शक्य नाही. तू ती गोळी बोटाने उलटून पाहिलीस. मग म्हणालीस, "माझ्याकडूनच झालं असेल, ताई. भरताना पोटात कळ येत होती." आणि वर मलाच समजावलंस, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

एकोणीस दिवसांनी आई गेली.

चौकशीत तुला कोणी आईच्या त्या गोळीचं विचारलंही नव्हतं. तक्रारीत दम नव्हता, रेडिओवरच्या गोष्टीवरून कोण कोणाला काढतं? पण त्यांनी विचारलं, "तुमच्या हातून कधी औषधाची चूक झाली आहे का?" आणि तू म्हणालीस, "हो. एकदा. माझ्या आईच्या बाबतीत." चिमीने हे सांगितलं तेव्हा मी फोन ठेवून दिला होता.

तू खरं बोललीस, आणि ते खरं माझं खोटं होतं.

ताई


२५ मे

मने,

तुला न विचारता मी एक गोष्ट केली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

मला वाटलं, ज्या तोंडाने गावभर झालं त्याच तोंडाने धुऊन काढावं. मी मालिकेचा शेवट लिहिला. थोरली सगळ्या घरासमोर उभी राहते आणि सांगते, गोळी मी ठेवली होती. आई पडली ती माझ्यामुळे. धाकटीचा यात काही दोष नाही. तुला लिहिलं तसंच, दांडीसकट, डबीसकट. साहेबांनी वाचलं आणि काडी खाली पडली त्यांच्या तोंडातली. "कमाल केलीत बाई," म्हणाले. मला वाटलं त्यांना समजलं.

सोमवारी प्रसारण झालं. गुरुवारी पत्रांची पोती आली. मी जमिनीवर बसून फोडत गेले. "काय ते मन! पापी बहिणीला वाचवायला स्वतःच्या अंगावर आळ घेतला." "अशी थोरली घरोघरी जन्माला यावी." एका शिक्षकांनी लिहिलं होतं, वर्गात मुलांना हा भाग सांगितला, त्याग म्हणजे काय ते समजावलं. एकानेही, मने, एकानेही ते खरं धरलं नाही.

मी मासिकाला पत्र पाठवलं, माझ्या नावाने, की हे थोरलीचं नाही, माझं आहे, मी हे केलेलं आहे. त्यांनी ते छापलं. वर मथळा दिला, "बहीण असावी तर अशी".

लोकांनी एकदा कोणाला नायिका मानलं की तिने खून कबूल केला तरी त्यांना त्याग दिसतो. आणि खलनायिकेने पाण्याचा पेला पुढे केला तरी त्यात काय मिसळलंय ते बघतात. तीन वर्षं रोज दुपारी मीच त्यांना हे शिकवलं. आता शिकवलेलं परत घेता येत नाही.

साहेबांनी मालिका वर्षभर वाढवलीये. आता धाकटीला पश्चात्ताप होणार म्हणे.

चिमी म्हणाली, कोणीतरी तुझ्या दारावर खडूने लिहून ठेवलं, "बहिणीकडून शीक." तू ते पुसलं नाहीस. पावसाने जाईल म्हणालीस.

मला जेवण जात नाही. आरशात बघवत नाही. कोणाला सांगायला जावं तर तो माझे हात हातात घेतो.

ताई


१९ जून

मने,

काल दुपारी चिमी आली. चष्म्याच्या दुकानातून सुट्टी काढून, चार तास बसमध्ये उभी राहून. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. पिशवीतून माझी पत्रं काढून टेबलावर ठेवली. सगळी फोडलेली.

"आई वाचते," ती म्हणाली. "दोनदा वाचते. मग घडी घालून ठेवते."

"मग एक ओळ तरी..."

"काय लिहू दे तिने? मावशी, या पत्रांतसुद्धा तूच नायिका आहेस. तुझं दूध उतू गेलं. तुझा हात थरथरला नाही. तुला जेवण जात नाही. आई कुठाय यात? ती लाँड्रीत उभी राहते आणि गप्प बसते, एवढंच काम तिला. अजून तुझ्या वाटेतच उभी केलीयेस तू तिला. आधी आजीची माया अडवून धरली होती, आता माफी अडवून धरलीये."

तिचा आवाज तुझ्यासारखा आहे. ओरडत नाही, पण शब्द सोडत नाही.

"काय करू मग?" मी विचारलं.

"कागद घे. त्या दिवशी जे झालं तेवढं लिही. 'मला वाटलं' हे शब्द एकदाही नकोत."

मने, आयुष्यभर लिहिणं हाच धंदा केला, आणि ते एक पान मला जमेना. पहिल्या खेपेला चार पानं झाली. चिमीने समोर बसून पेन्सिलने काट मारत नेली. "'दुर्दैवाने' कशाला?" काट. "'माझ्या त्या वेळच्या मनःस्थितीत'?" काट. "'धाकट्या बहिणीवर माझा जीव होता'? हे कोणी विचारलंय?" तिसऱ्या खेपेला नऊ ओळी उरल्या. दांडी खाली होती. ती मी वर केली नाही. आईला उठायचं होतं. मी पुढच्या खोलीत होते, गेले नाही. डॉक्टरांना खोटं सांगितलं. डबीत गोळी मी टाकली. बहिणीच्या हातून काही चूक झाली नव्हती. खाली तारीख आणि सही.

आज सकाळी आम्ही दोघी ते हॉस्पिटलात देऊन आलो. तिथल्या अधिकारी बाईंनी नऊ ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "हे मालिकेतलं आहे का?"

चिमी म्हणाली, "नाही. हे घरातलं आहे."

ताई


३ ऑगस्ट

मनी,

कागदोपत्री सगळं निवळलं, असं कळलं. तुझ्या नावापुढचा शेरा काढला. वॉर्डात परत बोलावलं.

पुढचं चिमीने सांगितलं. ते लिहिते, कारण ते मी लिहायला हवं, माझ्याबद्दल नाही म्हणून.

तू सोमवारी गेलीस. गणवेश इस्त्री करून घातलास. औषधांच्या गाडीपाशी उभी राहिलीस. पहिल्या पेशंटची गोळी काढलीस, वेष्टन वाचलंस, पुन्हा वाचलंस, पुन्हा. मग शेजारच्या मुलीला म्हणालीस, "जरा बघतेस का गं, हीच आहे ना?" ती हसली, म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच तर मला शिकवलंत." दुसऱ्या पेशंटला तेच. तिसऱ्याला गोळी हातावर ठेवून तू उभी राहिलीस आणि तो पेशंट म्हणाला, "द्या ना हो." तू दिली नाहीस. जेवणाच्या सुट्टीआधी गणवेश घडी घालून परत केलास. त्यांनी थांबवलं, समजावलं. तू म्हणालीस, "तुम्ही चांगले आहात. पण पाच वर्षं मी रोज ती डबी भरून बघितलीये मनात. आता मला खरं सांगितलं तरी माझ्या हाताला कळत नाही."

मंगळवारी तू लाँड्रीत गेलीस. तिथल्या बायकांना खरं काय ते समजलंय. तरी तोंडात बसलेलं नाव निघत नाही, हाक तीच मारतात.

मालिका मी सोडली. दुसरा कोणी लिहितो. परवा छापखान्यात कोणीतरी रेडिओ लावला होता. धाकटी अजून तशीच बोलते. मी मुद्रितं तपासत होते. उठून बंद करावा असं मनात आलं, पण सगळे ऐकत होते.

ताई


१० ऑगस्ट

मनी,

काल चिमीचा फोन आला. म्हणाली, "आईने एक विचारायला सांगितलंय. त्या कागदात ते नाही. आजी पडायच्या आधी काही म्हणाली का?"

पाच महिन्यांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट. मी चिमीला म्हटलं, लिहून कळवते.

एप्रिलच्या पत्रात मी तुला सांगितलं होतं की आईने हाक मारली आणि मी "थांब, आलेच" म्हणाले. मी तसं म्हणाले नव्हते. काहीच म्हणाले नव्हते. वाक्यही नव्हतं. पेन हातात होतं, कागद कोरा होता.

ते बारा दिवस आई मला तुझ्याच नावाने हाक मारायची. मी भरवायला बसले की, "मने, पुरे." अंग पुसलं की, "मने, हळू गं." पहिले काही दिवस मी सांगत होते, "आई, मी ताई. थोरली." ती माझ्याकडे नीट बघायची आणि म्हणायची, "असं होय? मग मनीला बोलाव." इतकं सरळ, की त्याला राग म्हणता येऊ नये. आठव्या दिवसापासून मी सांगणं सोडलं.

त्या दुपारी मधलं दार उघडं होतं. माझ्या खुर्चीपासून पलंग सहा पावलांवर. तिने हाक मारली. मी ऐकली. मी मनात म्हटलं, जिचं नाव घेतेस तिलाच येऊ दे.

तिने पुन्हा हाक मारली. मी मान वर केली नाही. दांडी खाली आहे हे मला दिसत होतं.

तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागले होते. घाबरली नव्हती. तू आहेस आणि येणारच आहेस, असा आवाज होता तिचा. मग ती पडली.

मालिकेत तो प्रसंग मी लिहिला तेव्हा आईच्या तोंडी थोरलीचं नाव घातलं. देशभर रडले लोक त्याला. ती हाक तुझी होती. तिचा एकही शब्द मी तुझ्यापर्यंत येऊ दिला नव्हता, आज जसेच्या तसे देते.

"मने."

"मने गं."

"मने, धर मला."